भरल्या डब्यात भर

सातारा जिल्ह्यात एकही डबा रिकामा राहू नये, ही जबाबदारी सरकारने आमच्या हिच्या मामांवर टाकलेली असावी. त्यांची उभी नोकरी फौजेच्या कोठारात गेली. तुम्ही-आम्ही डबा रिकामा झाला की भरतो; मामा भरलेला असतानाच भरतात. “संपल्यावर भरणं म्हंजे भरणं न्हवं, ती धावपळ हाय,” असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरात ‘संपलं’ म्हणायला बंदी होती. बिचाऱ्या मामी मीठ तळाला गेलं तरी “जरा भरायला झालंय” असं हळूच सांगायच्या. पाहुणे म्हणून कुठे गेले तरी मामा आधी स्वयंपाकघरात शिरणार, डब्यांवर बोटाने टकटक करणार आणि आवाज पोकळ आला की पिशवी उचलून थेट वाण्याकडे. पेट्रोलपंपावरचा माणूस तर त्यांची स्कूटर दिसली की हातच जोडतो. “आवं मामा, कालच भरलंय की! आता वतलं तर सांडंल.” “मग सांडंपातुर भर की गड्या!”

लेक सांगलीला दिलेली, जावई हळदीचे व्यापारी. त्या घरात पाऊल टाकताच शिंका सुरू होतात, एवढी हळद! तरी मामा साताऱ्याहून हळद घेऊन जायचे. जावई हसले, तेव्हा म्हणाले, “तुमची ती इकायची. घरातल्या डब्यात बघा.” बघितलं, तर खरंच तळ दिसत होता.

मामी गेल्या आणि मामांच्या स्वतःच्या डब्यांतलं काही खाली जाईना. एकटा माणूस खाऊन खाऊन किती खाणार? सांगलीची खेप तेवढी उरली होती. त्यात जावयांनी हौसेने मोबाईलवरून किराणा मागवायला सुरुवात केली. त्या खेपेला मी मामांबरोबर होतो. त्यांनी एकेक डबा वाजवून पाहिला. सगळे गच्च. पिशवी मांडीवर घेऊन ते बसून राहिले. “बरं झालं. आता माझं हितं काय काम न्हाई,” म्हणाले. मला ते बघवेना.

आठवडाभरात लेकीचा फोन आला, “आबा, चहापूड लय खाली गेलीया. कवा येताय?” फोन ठेवायच्या आत मामांनी पायात चपला सरकवल्या होत्या. मी नंतर तिला गुपचूप विचारलं, मोबाईल बिघडला की काय? ती हसली. “न्हाई वो दाजी. पूड शेजारणीला देऊन टाकली. किराणा दारात येतोय, पण आबा येत न्हाईत.”

तेव्हापासून दर महिन्याला तिचं काही ना काही खाली जातं. परवा मामांना स्टँडवर एसटीत बसवून द्यायला गेलो, तर पिशवीत चहापुडीचे दोन पुडे. मी विचारलं, “दोन कशाला?”

“एक तिच्या शेजारणीला,” मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “दर बारीला लेकीनं आपला डबा कशापायी उपसायचा?”