डोराबाईंचा ठोका

मास्तरांनी ट्रम्पेट मांडीवर आडवा ठेवला आणि सगळ्या बँडसमोर मला विचारलं, "तू गिटार वाजवतोस की टाइपरायटर?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ड्रमवाल्याने खाली बघून स्क्रू पिळायला घेतला आणि तालीम तिथेच थांबली.

ही बल्लारशाच्या रेल्वे कॉलनीतली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. आमचा छोटा बँड नागपूरचा, आणि फर्नांडिस मास्तर त्याचे प्रमुख. त्या हिवाळ्यापुरतं आम्हाला कॉलनीच्या इन्स्टिट्यूटने, म्हणजे रेल्वेच्या क्लबने, ठेवून घेतलं होतं. दर शनिवारी डान्स असे. रेल्वेचे लोक, कोळसा खाणीचे मॅनेजर, सागाचे ठेकेदार आपापल्या बायकांना घेऊन येत. सगळ्यात मोठा कार्यक्रम नाताळचा टी-डान्स. तो दुपारी चारला सुरू व्हायचा आणि त्याला पार आलापल्लीपासून माणसं यायची.

मी तोवर रिदम वाजवत होतो. रिदम म्हणजे मागे बसून कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, धरायच्या, नाचणाऱ्यांच्या पायाखाली ताल घालत राहायचा. चुकलं तरी कुणाला कळत नाही. पण मास्तरांनी कलकत्त्याहून एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार आणली. सोबत तिचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारी लाकडी पेटी. आता तुला पुढे उभं राहून लीड वाजवायची आहे, असं त्यांनी मला सांगितलं. लीड म्हणजे चाल. चुकलं की सगळ्या हॉलला कळतं.

माझी अडचण साधी होती. गिटारवर डाव्या हाताने तार दाबायची आणि उजव्या हातातल्या पिकने, म्हणजे छोट्या चकतीने, ती छेडायची. मला असं शिकवलं होतं की जितके सूर तितक्या वेळा तार छेडायची. हळू चालीत ते खपून जाई. पण क्विकस्टेप या जलद नाचाच्या धावत्या ओळीत प्रत्येक सुराआधी पिकचा टक असा आवाज येई, आणि ती पेटी तो टकच मोठा करून ऐकवी. मास्तर खोटं बोलत नव्हते.

नाताळपर्यंत जमलं नाही तर मुंबईहून माणूस बोलावीन, एवढं सांगून ते चहाला गेले. मी नागपूरला कापड मिलमधली कारकुनी सोडून या बँडमध्ये आलो होतो. त्यावरून वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. परत जाऊन त्यांना काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

दुपार होती. मी क्वार्टर्सच्या रांगेमागून चालत निघालो. लाकडाच्या डेपोत सागाचे लठ्ठे उतरत होते, ओल्या भुशाचा वास सगळीकडे होता. शेवटच्या रांगेतल्या एका घरातून गिटार ऐकू आली. साधी, पेटीशिवायची.

मी थांबलो. मला वाटलं, दोघं वाजवताहेत. एक जण छेडतोय आणि दुसरा त्याच्या मागोमाग, जराही धक्का न लावता, पुढचे सूर भरतोय. सूर एकातून एक निघत होते. टक कुठेच नव्हता.

व्हरांड्याला वालाचा वेल होता. त्याच्या फटीतून मी पाहिलं. आत एकच बाई होत्या. साठीच्या आसपासच्या, फुलाफुलांचा फ्रॉक, केस पांढरे. गिटारचा खालचा काठ त्यांनी टेबलावर टेकवला होता. त्यांचा उजवा हात गिटारवर नुसता ठेवलेला होता, झोपलेल्या मांजरासारखा. मधूनच तो एकदा हलायचा, तार छेडायचा आणि पुन्हा गप्प व्हायचा. बाकी सगळं डावा हात करत होता.

मी आजवर गिटारवर इतक्या कमी हालचालीत इतकं काही होताना पाहिलं नव्हतं.

टेबलाशी एक म्हातारे साहेब बसले होते, तळहात टेबलावर पालथा टाकून. त्यांनी मला पाहिलं आणि बाईंच्या कोपराला हात लावला.

"आत ये," बाई म्हणाल्या. "बाहेरून काय ऐकून राह्यला?"

त्या डोराबाई. कॉलनीतले सगळे त्यांना असंच म्हणत. अँग्लो-इंडियन होत्या, पण जन्म बल्लारशाचा. सांभाळणारी बाई इथलीच, खेळायला पोरी इथल्याच. इंग्रजी फक्त नवऱ्याशी, आणि बाकी जगाशी इथल्या झाडीपट्टीची मराठी. नवरा पॅट्रिकसाहेब, रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर. आयुष्यभर इंजिनाच्या तोंडाशी उभं राहून त्यांचे कान गेले होते. अगदी कानाशी ओरडून सांगितलं तरच थोडं कळे.

मी बँडमधला आहे हे सांगितलं, मास्तरांनी काय म्हटलं तेही सांगितलं. डोराबाईंनी मला वाजवायला लावलं आणि मग आपला उजवा हात पुढे केला. बोटांचे सांधे सुजून गाठी झाल्या होत्या. महायुद्धाच्या काळात त्या याच इन्स्टिट्यूटमध्ये वाजवायच्या, पलटणींच्या गाड्या थांबायच्या तेव्हा. मग संधिवात आला. पिक फार वेळ धरता येईना. त्यांनी चारचौघांत वाजवणं सोडलं. पण घरी सोडलं नाही. जे उजव्याला जमेना ते हळूहळू डाव्याकडे दिलं.

त्या त्याला ठोका म्हणत. हॅमर-ऑन हे त्याचं खरं नाव मी फार पुढे ऐकलं. तार एकदाच छेडायची. ती वाजत असतानाच डाव्या हाताचं दुसरं बोट दांडीवर जरा पुढे त्याच तारेवर पडू द्यायचं. बोट नीट पडलं तर त्याच्या आघातानेच पुढचा सूर निघतो. उजव्या हाताला काही करावं लागत नाही. खाली उतरताना उलट करायचं, बोट उचलता उचलता तार जराशी ओढून सोडायची.

ऐकायला सोपं आहे. मी केलं तेव्हा पहिला सूर नीट आला, आणि बोट पडताच थप असा आवाज होऊन सगळं बंद पडलं. पुन्हा केलं, पुन्हा थप.

"बोट घाबरून राह्यलं तुझं," डोराबाई म्हणाल्या. "तार गरम तव्यावानी वाटते काय तुले?"

दुसऱ्या दिवसापासून मी रोज दुपारी जाऊ लागलो. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर आणायला मनाई केली. पेटी खोटं बोलते, म्हणाल्या. त्यांचीच साधी गिटार वाजवायची. बोट कुठे पडावं, हे त्यांनी आधी सांगितलं. गिटारच्या दांडीवर आडव्या पितळी पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बोट पट्टीवर पडलं तर सूर दबतो, लांब पडलं तर तार खरखरते. पट्टीच्या अगदी अलीकडे पडलं पाहिजे. आणि मनगट फेकायचं नाही, बोट मुळापासून हलवायचं. पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांना फोड आले. ते फुटून कातडी घट्ट झाली तेव्हा त्यांनी ती दाबून पाहिली आणि आता शिकायला बस म्हणाल्या.

परीक्षक पॅट्रिकसाहेब होते. गिटारचा काठ टेबलाला टेकवायचा आणि त्यांनी तळहात टेबलावर ठेवायचा. छेडलेला सूर आणि ठोक्याचा सूर लाकडातून सारख्या जोराने आला तर ते मान हलवत. नाही आला तर खिडकीबाहेर बघत. मला सुरुवातीला ही गंमत वाटली. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या कानाला दोन्ही सूर सारखे वाटत तेव्हाही ते खिडकीबाहेर बघत, आणि पुन्हा लक्ष देऊन ऐकलं की दुसरा खरंच दुबळा निघे. मी मनात त्या दुबळ्या सुराला मदत करत होतो. त्यांचा हात कुणाला मदत करत नव्हता.

"त्याले ऐकू येत नाई," डोराबाई एकदा म्हणाल्या. "पण मी वाजवलेलं त्याच्या हातात जाते. म्हणून तं सोडलं नाई मी."

डिसेंबर मध्यावर आला असेल. एका दुपारी मी नेहमीसारखा बसलो होतो. दमलो होतो, त्यामुळे फार विचार न करता बोट टाकलं. सूर आला. छेडलेल्या सुराच्या बरोबरीचा, भरलेला, उजव्या हाताशिवाय आलेला. मी थबकलो. पुन्हा टाकलं, पुन्हा आला. लाकूड, तार आणि माझं एक बोट, एवढ्यातून तो निघाला होता. मी वर पाहिलं. पॅट्रिकसाहेब मान हलवत होते.

त्या शनिवारच्या तालमीत मी क्विकस्टेपची ओळ वाजवली. मास्तरांनी डोळे बारीक केले आणि हे कुणी शिकवलं विचारलं. मी त्यांना घेऊन डोराबाईंकडे गेलो.

मास्तर दारातच उभे राहिले. बाई वाजवत होत्या तेवढा वेळ त्यांनी हॅट काढून हातात धरली. संपल्यावर म्हणाले, नाताळला तुम्ही एक तरी गाणं वाजवायचं. डोराबाई सरळ नाही म्हणाल्या. एवढ्या वर्षांनी कायले, असं विचारू लागल्या. मास्तरांनी आग्रह धरला तेव्हा त्यांनी हात पदराखाली घ्यावा तसा फ्रॉकच्या घडीत लपवला.

"लोक गाणं नाई ऐकतीन," त्या म्हणाल्या. "हात पाहतीन माझा."

पॅट्रिकसाहेबांनी काय चाललंय ते विचारलं. बाईंनी कानाशी वाकून सांगितलं. मग बायकोशी इंग्रजीत न बोलता आम्हालाही कळेल अशा हिंदीत म्हणाले, "इतने साल इस टेबल में सुना है. एक बार बडी लकडी में सुना दो."

मला कळलं नाही. डोराबाईंना कळलं. इन्स्टिट्यूटच्या हॉलची जमीन सागाच्या फळ्यांची होती.

नाताळच्या दुपारी हॉल भरला होता. खिडक्यांतून ऊन आत येत होतं, कागदी पताका हलत होत्या. दोन-तीन नाच झाल्यावर मास्तरांनी अ‍ॅम्प्लिफायर खुर्चीवरून उचलून थेट फळ्यांवर ठेवला. डोराबाईंना हाताला धरून आणलं. काही जुन्या माणसांनी त्यांना ओळखलं, कुजबुज झाली. इलेक्ट्रिक गिटार मी त्यांच्या मांडीवर दिली. मी साधी गिटार घेऊन रिदम द्यायला मागे बसलो.

त्यांनी एक संथ वॉल्ट्झ धरला. खालच्या तारा, जाड सूर. पहिल्या ओळीला जोड्या नाचायला लागल्या.

तेवढ्यात पॅट्रिकसाहेब पुढे आले. पेटीपासून दोन हातांवर थांबले, वाकून बूट सोडले, मोजे काढले आणि अनवाणी त्या फळ्यांवर उभे राहिले. डोळे मिटून. त्यांच्या कपाळावर आठी पडली. इतक्या पावलांच्या दणक्यात त्यांच्या तळपायांना सूर जाणवत नव्हते.

जवळच्या एका जोडप्याने ते पाहिलं. डोराबाईंच्या नवऱ्याचे कान गेलेत, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती दोघं नाचायची थांबली. त्यांच्या शेजारची थांबली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. एकेक जोडी जिथल्या तिथे उभी राहत गेली आणि पुरा हॉल स्तब्ध झाला. मास्तरांनी बँडला हाताने गप्प केलं. मीही तारांवर हात ठेवला.

आता फक्त डोराबाई वाजवत होत्या. उजवा हात एकदा हलायचा आणि निवांत पडून राहायचा. डावा धावत होता. माझ्याही बुटांच्या तळव्यातून ते सूर वर येताना मला जाणवले. आधी वाटलं भास आहे. मग शेजारी पाहिलं तर ड्रमवाला आपल्या पायांकडे बघत होता. पॅट्रिकसाहेबांची आठी गेली होती. ते मान हलवत होते, टेबलाशी बसून हलवायचे तशीच, पण थांबत नव्हते.

त्या हॉलमध्ये शंभरावर माणसं असतील. एवढी माणसं एका माणसाच्या तळपायांसाठी श्वास धरून उभी राहिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. नंतरही पाहिली नाहीत.

वॉल्ट्झ संपला. टाळ्या खूप झाल्या. डोराबाईंनी गिटार माझ्याकडे दिली आणि खाली जाऊन नवऱ्याचे मोजे शोधायला लागल्या.

मग माझी पाळी होती, ती काही टळली नाही. क्विकस्टेप होती. माझे दोन ठोके बुडाले, बाकीचे आले, आणि लोक नाचले. कार्यक्रम संपल्यावर मास्तर म्हणाले की बाईंकडे एक गाणं आहे, मला दर शनिवारी पंचवीस लागतात, तेव्हा लीड तूच वाजव. मुंबईचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या बँडमध्ये आणि नंतर दुसऱ्या दोन बँडमध्ये मी लीडच वाजवत राहिलो. डोराबाईंनी चारचौघांत परत वाजवलं नाही. विचारलं की म्हणायच्या, झालं ते झालं.

आता माझ्याकडे शिकायला पोरं येतात. हॅमर-ऑनसाठी बोटात ताकद कशी आणायची, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मी सांगतो, भाजीची पिशवी घरी आणण्याएवढी ताकद पुरे आहे. बोट टाकायचं ठरवलं की टाकायचं. वाटेत विचार बदलला तर नवा सूर लागत नाहीच, आणि आधीचा वाजत असतो तोही मरतो.