खंडेनवमीला चाललेली लेथ

"अर्धाच वत बाय. बाकीचा ह्यो हात पितोय."

मिस्त्री माझ्या दुकानात आले की पेला घ्यायच्या आधी हे वाक्य ठरलेलं. हात इतका थरथरायचा की अर्धा चहासुद्धा कसाबसा तोंडापर्यंत पोचायचा. कुणी पेला धरायला पुढं झालं तर असे डोळे वटारायचे की त्यानं मुकाट मागं सरावं. कंपवाताची माणसं तुम्हीही पाहिली असतील. हात शालीखाली लपवून बसतात बिचारी. मिस्त्री मात्र दोन्ही हात सगळ्यांसमोर टेबलावर ठेवून बसायचे.

नळदुर्गात हायवेला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे माझं काम. बाई मोटार भरते म्हटल्यावर सुरुवातीला गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं. पहिली मोटार विश्वासानं आणून टाकली ती मिस्त्रींनी. तेव्हा त्यांच्याबद्दल मी तोलूनमापून बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

चार दुकानं पलीकडं त्यांची पत्र्याची शेड. आत बंद पडलेल्या जिनिंग मिलमधून आणलेली जुनी लेथ. तिच्यावर लोखंड कातण्यात त्यांचा जन्म गेला. हात थरथरायला लागले, त्याच सुमाराला मोटार जळाली, आणि मशीन चार वर्षं गंजत पडली. लेकाला त्या जागी टायरचं दुकान टाकायचं होतं. लेक वाईट नव्हता हो. बापाचा हात फिरत्या मशीनीत जाईल ही धास्ती त्याला खरंच होती. पण बापाला न विचारता त्यानं भंगारवाल्याला दसऱ्यानंतर यायला सांगितलं, आणि तिथं चुकला.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्री जळकी मोटार हातगाड्यावर घालून माझ्या दारात हजर. दसऱ्याच्या आत भरून दे म्हणाले. मी म्हटलं, मोटार भरीन हो मिस्त्री, पण हाताचं काय करणार?

"हत्यार हातात कुठं असतंय गं? मशीनीनंच ते आवळून धरल्यालं असतंय. म्या निस्ती चाकी फिरवायची. बघू की, कोण आधी थकतंय."

हे शेवटचं वाक्य त्यांनी डॉक्टरला ऐकवलं होतं, लेकाला ऐकवलं होतं, आता मला.

महिनाभर घासलेट आणि पॉलिश पेपर घेऊन ते गंजाशी झुंजले. काम पकडायच्या चकाचे जबडे उघडत नव्हते. रोज तेल सोडून, हातोडीनं हळूहळू ठोकत आठव्या दिवशी उघडले. चाकीची मूठ हातातून निसटायची, म्हणून तिला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. इकडं माझ्या मोटारीत उंदरांनी संसार मांडला होता. तो उठवून, तार भरून, वार्निश उन्हात वाळवून मी मोटार तयार केली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मोटार बसवली. शेडीत आसपासचे मेकॅनिक, गॅरेजवाले जमले होते. मी मोठ्या ऐटीत बटण दाबलं आणि लेथ उलटी फिरायला लागली. तीनपैकी दोन तारा मी अदलाबदल करून जोडल्या होत्या. नवशिक्याची चूक! लोक खो खो हसले. एक जण म्हणालाच, बायकांची कामं अशीच. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मिस्त्री त्याच्याकडं वळले. "उलटी का हुईना, फिरली न्हवं? चार वरीस तुमच्यापैकी कुणी फिरवली का?"

मी तारा बदलल्या. मशीन सरळ फिरली, पण लेकाचं समाधान झालं नाही. फिरण्याला काय अर्थ आहे, एक काम नीट निघू दे, मग भंगारवाल्याला मी स्वतः नाही म्हणतो, असं तो सगळ्यांसमोर बोलला.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. गावातली झाडून सगळ्या मशीनी धुऊन, हार घालून बंद. त्या दिवशी कुणी बटणाला हात लावत नाही. लेक झेंडूचा हार घेऊन आला. आज पूजा करू, मग निरोप देऊ म्हणाला. मिस्त्री उसळलेच.

"बंद मशीनीची पूजा म्या न्हाय करत. मढ्याला हार घातल्यागत हाय ते."

आणि नेमका हैदराबादेकडं निघालेला टोमॅटोचा ट्रक हायवेला अडकला. चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यात बसतो तो पितळी बुश गेलेला. त्या मापाचा तयार बुश गावात नव्हता आणि प्रत्येक लेथवाला हाराकडं बोट दाखवत होता. ड्रायव्हर फुटका बुश घेऊन शेवटी आमच्याकडं आला. मिस्त्रींनी तो घेतला आणि सरळ मशीन चालू केली. दारातल्या चार जणांनी कानाला हात लावले. लावा म्हणावं.

माप घ्यायला तेवढं मला बोलावलं. कॅलिपर मी धरायचा, माप ते बघणार. चाकीवर त्यांचे हात थरथरत होते आणि हत्यार मात्र आपल्या जागी घट्ट होतं. तरी पहिला बुश बिघडला. चाकी अर्धा आटा जास्त फिरली आणि माप ढिलं झालं. मिस्त्रींनी तो कोपऱ्यात भिरकावला. कपाळावरून घाम गळत होता. आता लेक मशीन बंद करणार, असं मला वाटलं.

लेकानं हार खिळ्याला अडकवला, करवत घेतली, पितळी सळईचा दुसरा तुकडा कापला आणि बापापुढं धरला.

दुसरा बुश पाट्यात असा बसला की ड्रायव्हरनं मिस्त्रींचे पाय धरले. मग चालू मशीनीला, न फिरणाऱ्या भागावर, मिस्त्रींनी स्वतः हार घातला. तो घालायला त्यांना बराच वेळ लागला. आम्ही कुणी मदत केली नाही.

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी मशीन चालवली. यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. मला फार रडू आलं, सांगायला लाज कसली.

परवा खंडेनवमीला हार घेऊन शेडीत गेले. पुढच्या भागात आता टायरं आहेत, लेथ मागं तशीच. मी हार पुढं केला तर लेक म्हणाला, थांबा वहिनी. आधी त्यानं बटण दाबलं. मशीन सुरू झाल्यावर चाकीची मूठ धरली. सायकलची ती ट्यूब त्यानं अजून काढलेली नाही. त्याचे हात चांगले धडधाकट आहेत.

"आता घाला," तो म्हणाला.