फॉस्फेट, टेकडी आणि आमचे साहेब

कुरणात फिरून आलं की पॅन्टला कुसळं चिकटतात ना, तसे आमच्या ऑफिसचे किस्से! एक उपटायला जावं तर हाताला चार लागतात.

ऑफिस नागपुरात, प्रयोग पारशिवनीकडच्या टेकडीवर. चराईच्या उतारावर फॉस्फेट खत टाकलं तर चारा किती सुधारतो, एवढंच पाहायचं होतं. पण प्रमुख होते सोमलकर साहेब!

पहिल्या भेटीत साहेब जीपमध्येच बसून. काच खाली करून विचारतात, "उतार किती आहे?"

मी म्हटलं, "साहेब, उतरून पाहा ना."

"उतरलो तर चढावं लागन ना गा!"

*

खत सारखं पसरायचं होतं. साहेबांनी सगळ्या बॅगा माथ्यावरच ओतायला लावल्या. "पाऊस नेते ना खाली! मजूर कायले लावता?"

पावसानं नेलं. थेट पायथ्याच्या तळ्यात! पाणी शेवाळानं हिरवंगार, गुरं तोंड लावेनात. साहेब खूश. "पाहा, ग्रोथ आली का नाही?"

*

मग आमच्या माती तपासणीच्या नलूताईंनी नवं खत अर्ध्या टेकडीवर नीट पसरवलं, अर्धी तुलनेसाठी बिनखताची ठेवली. संध्याकाळीच साहेबांचा फोन, "गवत दिसून राहिलं का?"

"साहेब, आजच तर टाकलं!"

"मग फोटो कायचा पाठवू?"

पाठवला मात्र. हुडकेश्वरच्या स्वतःच्या बंगल्यातल्या लॉनचा! वरच्या डायरेक्टरांनी एकच विचारलं, "सोमलकर, टेकडीवर कूलर काहून दिसून राहिला?"

*

टेकडीला कुंपण घातलं तेव्हा पायथ्याची शेवंताबाई भांडायला आली. तिच्या गायींचं तेच एक कुरण. साहेब म्हणाले, "बाई, विज्ञानासाठी धीर धरा."

"मी धरीन. गायीले तुमीच सांगा!"

चारा वाढला तसं गायींनी कुंपण तोडलं. खताचा कोवळा चारा मुळापर्यंत फस्त. बिनखताचं राठ गवत तसंच कमरेएवढं उभं. आणि दुसऱ्या दिवशी डायरेक्टर पाहणीला येणार! नलूताई म्हणाल्या, "साहेब, खरं तेच सांगा. गायींनी आपला प्रयोग पास केला." साहेबांनी ऐकलं नाही. 'खत' आणि 'बिनखत' या पाट्यांचीच अदलाबदल केली!

डायरेक्टर आले. साहेब ऐटीत, "सर, हे उंच गवत फॉस्फेटचं. ते बोडकं आमचं कंट्रोल, म्हणजे बिनखताचं."

तेवढ्यात गायी आल्या. उंच गवतातून सरळ चालत गेल्या, एकीनंही तोंड लावलं नाही. बोडक्या जागेवर जाऊन खुंट कुरतडू लागल्या.

डायरेक्टरांनी चष्मा काढला. "सोमलकर, ह्या गायी खताचं गवत सोडून तिकडं काहून गेल्या?"

साहेबांनी घाम पुसला.

"सर, ह्या गायी कंट्रोलमध्ये नाहीत!"