बिब्बा उतलेला पाय

आमच्या बाबांच्या दोन्ही गुडघ्यांवर बिब्ब्याचे काळे डाग आहेत. बिब्बा दिव्यावर तापवून त्याचं तेल त्यांनी कधीकाळी दुखऱ्या सांध्यांवर टेकवलं होतं. त्या बिब्ब्यामुळेच आपण चालतो, असं ते माझ्या लहानपणापासून सांगत आलेत. सांगताना ते लंगडत असतात. हे मी एकदा त्यांना दाखवून दिलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आमच्या इंझोरी गावाच्या आसपासच्या कितीतरी नवरदेवांना बाबांच्या पांढऱ्या घोडीने मांडवापर्यंत नेलंय. घोडी नाचणारी. बँड सुरू झाला की पुढचे पाय आळीपाळीने उचलून डांबरावर आपटायची आणि वऱ्हाडी चेकाळायचे. वर्षानुवर्षं हेच करून तिचा पुढचा उजवा पाय गेला. खुराच्या वरचा सांधा सुजला. तो पाय टेकला की वेदनेने तिची मान वर जायची.

मी रिसोडला शाळेत शिकवते. फोनवर फोन करून मी अकोल्याचा एक सर्जन शोधला. एक्स-रे पाहून त्याने बाबांना कळेल असं सांगितलं. सांध्यातली गादी पार झिजलीय, हाडावर हाड घासतंय. पाय उघडून उरलेली गादी खरवडायची, वरून पट्टी आणि स्क्रू बसवायचे, म्हणजे दोन्ही हाडं जुळून एक होतील. सांधा वाकणार नाही, पण दुखणारही नाही. नाच बंद, चालणं मात्र सुखाचं. तारीख दिली आणि बजावलं, तोवर तिथे काहीही लावू नका. कातडी खराब असली तर जंतू थेट हाडात जातील.

बाबांनी मान डोलावली. ती मान मला चांगली ठाऊक आहे, तरी मी विश्वास ठेवला.

ठरल्या दिवशी टेम्पो घेऊन गावी पोहोचले, तर घोडीच्या पायाला बाबांचं जुनं धोतर गुंडाळलेलं. सोडलं तर खाली नुसते फोड. केस झडलेले, लस वाहतेय. बिब्बा चांगलाच उतला होता.

"बाबा, हे काय केलं?"

"कापायच्या आधी एकडाव पाहू म्हटलं. यानंच बरं झालं असतं तं कायले कापायचं?"

"डॉक्टरनं काही लावू नोका म्हटलं होतं ना?"

"त्यानं औषध लावू नोका म्हटलं. बिब्बा काय औषध हाये काय?"

माझं डोकंच फिरलं. अंगणात उभी राहून मी काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईने मला हाताला धरून आत नेलं. मग तशीच घोडी चढवून अकोल्याला गेलो. सर्जनने पाय पाहिला आणि शांतपणे नाही म्हणाला. कातडी भरू द्या, मग या. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

कातडी भरायला दोन महिने गेले. लग्नसराई ऐन भरात. गावात कुठे बँड वाजला की घोडी कान टवकारायची आणि तोच दुखरा पाय उचलून धरायची. सगळा भार डाव्यावर. मी फोनवर विचारायची, तर बाबांचं उत्तर ठरलेलं, "सगळं बरं हाये." जखम मात्र ते रोज धूत होते, हे आई सांगायची.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा उजव्या पायाची कातडी कोरडी, स्वच्छ होती. सर्जनचा हात मात्र डाव्या खुरावर थांबला. दाबताच घोडीने पाय ओढून घेतला. पुन्हा एक्स-रे काढला. इतके दिवस एकट्याने भार सोसून डाव्या खुरातलं हाड जागेवरून सरकलं होतं. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे तिला याच पायावर उभं राहायचंय, सर्जन म्हणाला, आणि हा पाय आता तेवढं सोसणार नाही. त्यामुळे ऑपरेशन नाही. दुखण्याचं औषध द्या, खाली मऊ गवत टाका. एक दिवस बसली आणि उठली नाही, तर मला कळवा.

परतताना बाबा टेम्पोत मागे घोडीपाशी उभे राहिले. मी पुढे बसून मनातल्या मनात त्यांना सुनवायचं सगळं जुळवत होते. मानोऱ्याच्या अलीकडे ड्रायव्हर चहाला थांबला. बाबा काही उतरले नाहीत, म्हणून मीच चहा घेऊन मागे चढले. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माय, त्या डाव्या पायाले काही लावायचं नाही ना?"

"नाही बाबा. काहीच नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लावायच्या आधी विचारलं होतं. तेही आता, म्हणून मला भयंकर राग आला, तरी मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. बाबांनी चहा बाजूला ठेवला आणि टेम्पो हलला तशी घोडीच्या डाव्या अंगाला जाऊन खांदा लावला, जणू तिचा भार त्यांच्या त्या गुडघ्यांना पेलणार होता.