कोकोरचे सेक्रेटरी

बातमी मला ताईनं नाही, दोरेलनं दिली. क्रॉयडनच्या ऑफिसातून निघून ट्रेनमध्ये बसले होते. फोन वाजला आणि पलीकडे तो दणकट माणूस, आमच्या भाऊजींच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन, हुंदके देत होता. "सिस्टर, कम टू वॉटफर्ड... नेआ मधु इज गॉन." एवढंच. रुमानियन लोक वडीलधाऱ्या माणसाला नेआ म्हणतात, आपण काका म्हणतो तसं. मधुकर गजभिये, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हॉस्पिटलात होते आणि ताई त्यांच्यापाशी होती. मला कळवायचं काम तिनं सरळ दोरेलवर सोपवलं होतं. खरं सांगते, त्या दुःखातही मला रागच आला. आम्ही सख्खी माणसं असताना हा कोण? त्याचं उत्तर पुढच्या काही आठवड्यांत मिळालं, म्हणून हे लिहिते आहे.

भाऊजी मूळ नागपूरचे, इथल्या रेल्वेत सिग्नल इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. जन्मात कधी बॉलला पाय लावला नव्हता. आमचं सगळं घर क्रिकेटवेडं, आणि ऑफसाइड म्हणजे काय हे मला आजही विचारू नका. रिटायर झाल्यावर त्यांनी घराचं एक्स्टेंशन काढलं आणि कामाला आली ती दोरेल आणि त्याची रुमानियन मित्रमंडळी. शनिवारी अंधार पडेपर्यंत राबायची, पण रविवारी काही केल्या येणार नाहीत. भाऊजींना वाटलं, चर्चला जात असतील. एका रविवारी फिरायला गेले, तर ही सगळी पार्कात, जॅकेटांचे गोलपोस्ट करून खेळताना दिसली. त्यांना रविवारच्या लीगमध्ये उतरायचं होतं, पण क्लबला सेक्रेटरी लागतो, आणि मीटिंगांना जाणं, लीगशी बोलणं, मैदान मिळवणं यातलं कुणालाच जमत नव्हतं. "मी होतो की सेक्रेटरी!" भाऊजी म्हणाले. घरी आले ते अर्धवट पाडलेल्या भिंतीचं सोडून क्लबच्या नावावर चर्चा करत. नाव ठरलं कोकोर, म्हणजे क्रौंच, थंडी पडली की घर सोडून लांब उडणारा पक्षी.

त्यांना फुटबॉल कळत नव्हता, पण जयंती मंडळ चालवायचं कसं हे पुरेपूर कळत होतं. नागपुरात तरुणपणी तेच केलेलं, वॉटफर्डलाही आमच्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाची सूत्रं त्यांच्याकडेच. क्लबही त्यांनी तसाच चालवला. दर मॅचनंतर, हरो की जिंको, सगळ्यांना रिंगण करून उभं करायचं आणि एकानं आभारप्रदर्शन करायचं. रेफ्रीचे आभार, समोरच्या टीमचे आभार, गवत कापणाऱ्या कौन्सिलच्या माणसाचेसुद्धा आभार! पहिल्याच मॅचमध्ये कोकोरनं डझनाच्या घरात गोल खाल्ले, आणि चिखलानं माखलेला गोलकीपर मान खाली घालून ज्यांनी ते गोल मारले त्यांचे आभार मानतोय... मी हसून हसून बेजार झाले होते. इंग्रज टीमवालेही आधी हसायचे. नंतर नंतर तेही थांबून राहायला लागले.

लीगच्या अगदी तळातल्या डिव्हिजनपासून सुरुवात. पहिली दोन वर्षं तिथेच लोळण. मग दोरेलनं पोरांना शिस्त लावली, भाऊजींनी आठवड्यातून एकदा सरावाला शाळेचं मैदान मिळवलं, आणि कोकोर एकेक डिव्हिजन चढत गेला. सर्वांत वरच्या डिव्हिजनचं दार दिसायला लागलं, आणि नेमकी शेवटची मॅच आली त्यांच्या ईस्टरला. रुमानियन लोकांचा ईस्टर बहुतेकदा इंग्रजांच्या ईस्टरनंतर येतो, इथल्या कॅलेंडरला त्याचा पत्ताच नसतो. लीगनं सांगितलं, दोन्ही क्लब राजी असतील तरच तारीख बदलेल. काही पोरं म्हणाली, खेळून टाकू. काही म्हणाली, घरी कळलं तर आई तोंड बघणार नाही. भाऊजींनी टेबलावर हात आपटला. "सण सोडायचा नाही आणि मॅचही सोडायची नाही. तारीख मागून बघू." आणि गेले समोरच्या क्लबच्या सेक्रेटरीच्या, टेरी नावाच्या म्हाताऱ्याच्या दारात. त्यानं चहा पाजला आणि नाही म्हटलं. हे पुन्हा गेले. शेवटी टेरी वैतागून म्हणाला, "हा ईस्टर तर तुमचाही नाही ना?" भाऊजी म्हणाले, "क्लब माझा आहे. आणि चौदा एप्रिलची सुट्टी मी नोकरीभर मागत आलोय. मागायची मला लाज नाही वाटत." मॅच गुरुवारी संध्याकाळी झाली. कोकोर हरला. प्रमोशन हुकलं. आभारप्रदर्शन त्या दिवशी भाऊजींनी स्वतः केलं, टेरीच्या नावासकट.

यंदा पुन्हा प्रमोशनची वेळ आली, आणि नेमकं भाऊजींच्या हृदयानं दगा द्यायला सुरुवात केली. हॉस्पिटलात मी चिडवायला म्हटलं, "भाऊजी, आता तरी तो फुटबॉल सोडा." तर म्हणाले, "अगं, ही पोरं अख्ख्या वॉटफर्डची घरं बांधतात, पण यांचं नाव कुठं दिसतं का? वरच्या डिव्हिजनमध्ये एकदा दिसू दे." दोनच आठवड्यांत ते गेले.

इंग्लंडात आपल्या लोकांचे बारशापासून तेराव्यापर्यंत सगळे कार्यक्रम रविवारीच होतात. त्यामुळे भाऊजींच्या पुण्यानुमोदनाचा रविवार आम्ही डोळे मिटून ठरवला. हॉल घेतला, भन्तेजींना सांगितलं, सगळीकडे निरोप गेले. आणि मग दोरेल आला, टोपी हातात घेऊन. त्याच सकाळी कोकोरची शेवटची मॅच होती. जिंकले तरच प्रमोशन. सीझन संपत आलेला, लीगकडे मोकळा दिवस उरला नव्हता. पण पोरांचं ठरलं होतं. "वी डोन्ट प्ले. वी कम टू द प्रेयर," तो म्हणाला.

ताई समोर बसली होती. पांढऱ्या साडीत, पाठ ताठ. मग म्हणाली, "खेळायचं."

"ताई, अगं हॉल दुपारी एकपर्यंतच आहे," मी म्हटलं. "लोक काय म्हणतील? नवऱ्याचा कार्यक्रम सोडून..."

"सोडतंय कोण? हॉल कॅन्सल कर. संध्याकाळी घरी करू, गार्डनमध्ये." मग दोरेलकडे वळली. इंग्रजीच बोलली, पण सूर अस्सल नागपूरचा. "त्यांनी तुझा सण सुटू दिला नाही आणि मॅचही सुटू दिली नाही. आता दोन्ही तू सांभाळायचंस. मॅच खेळून यायचं, समजलं?"

कार्डिफहून आलेला राहुल, तिचा मुलगा, म्हणाला, "मम, मी चेअर्स अरेंज करतो. तू हा मॅच बघायला जा." ताईनं एकेका पाहुण्याला स्वतः फोन केला. काहींनी नाकं मुरडली. एकानं तर फुटबॉलसाठी का, असं दोनदा विचारलं. तिनं तिसऱ्यांदा विचारायची वेळ येऊ दिली नाही.

त्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण मॅच बघितली. आधी कोकोरवर गोल झाला. मग दोरेलनं बरोबरी केली. पुढे काय चाललंय हे मला कळेना, पण शेजारी ताईची बोटं माझ्या मनगटात रुतत होती, त्यावरून अंदाज यायचा. अगदी शेवटी कोपऱ्यातून आलेल्या बॉलवर कुणाचं तरी डोकं लागलं आणि जाळं हललं... शिट्टी वाजली तेव्हा ती धिप्पाड माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत होती, आणि मीही.

निकाल लीगला कळवायचा असतो, आणि तो सेक्रेटरीच्या फोनवरूनच. दोरेलला हे आठवलं आणि तो गोंधळून बघत राहिला. ताईनं पर्समधून भाऊजींचा मोबाइल काढला. सकाळी तिनं तो पूर्ण चार्ज केला होता. तिनं आकडे टाइप केले आणि पाठवले. लगेच लीगच्या कॉम्प्युटरचं उत्तर आलं, "रिझल्ट रिसीव्ह्ड, मधुकर."

दोरेल हलकेच म्हणाला, नाव बदलायला मी उद्या लीगला सांगतो. ताईनं मान हलवली. "सांग. उद्या सांग." मग ती आमच्यापासून थोडी दूर गेली, फोन दोन्ही हातांत धरून उभी राहिली, आणि घरात रोज हाक मारायची त्याच आवाजात म्हणाली, "अहो... जिंकलो आपण."