चिकाचा डाग
केळीच्या चिकाचा वास आला की शिरपूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या नानांची अक्कल आठवते. केळीच्या बागेत राबणाऱ्या वडिलांच्या पायाच्या अंगठ्याला, नखाखाली काळी रेघ उमटली होती. ठेच नाही, मार नाही, तरी ती महिन्यागणिक रुंद होत होती. नाना आमच्या ओट्यावर तंबाखू मळत, मोठ्या डॉक्टरच्या थाटात म्हणाले, "केळीना डाग शे, निंघी जाई." आईने विचारलं, "मग एकाच नखाला कसा?" "बायकासले काय समजस!" नाना म्हणाले आणि सगळे हसले. पुढे धुळ्याला तो कॅन्सर निघाला आणि अंगठाच कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, रेघ दिसली तेव्हाच यायचं होतं. नाना डझनभर केळी घेऊन भेटायला आले आणि डॉक्टरांचंच वाक्य आपलं असल्यासारखं म्हणाले, "पहिलेच दखाडाले जोयजे व्हतं." ती केळी मी त्यांच्यादेखत म्हशीला घातली. ओट्यावर त्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होतो, हे मात्र आजही कुणाला सांगत नाही.