बोटभर जागा
जळक्या रबराचा वास आला की आमच्या सदर भागातले ते गॅरेज आठवते. सत्तरच्या दशकातला उन्हाळा होता. मोठ्या भावाने अँबेसेडरला रुंद टायर आणि मडगार्डाबाहेर येणारी चाके तिथे बसवून घेतली होती. "टायर अन् मडगार्डाच्या मधात बोट घालून पाह्य," तो म्हणाला. बोट गेले. "जागा आहे," मी सांगितले. मिस्त्री म्हणाला, "गाडी रिकामी हाय, भाऊ. मानसं बसवून पाहा." भाऊ हसला, "काहून भेव दाखवून राहिला गा?" दुसऱ्या दिवशी चार मित्रांना घेऊन तो रामटेकला निघाला. ओझ्याने गाडी दबली, टायर मडगार्डाला घासत गेले आणि वळणावर फुटले. मित्र परतले, भाऊ नाही. आजही उभी गाडी दिसली की माझे बोट मडगार्डाखाली जाते. जागा असते, पण तसे मी कुणाला सांगत नाही.